माझी सावली आणि दोडक्याचे वेल

तुमच्याकडे बर्फ वितळायला लागला, असं धाकटीनं कळवलं आहे. सोबत विचारलं आहे, की आजी, तुमच्याकडे वसंताची सुरुवात झाली की बागेत काय काय करायचं? प्रश्न सोपा आहे, म्हणून आधी सोपं उत्तर देते. भांडण त्यानंतर सांगते.

लग्न होऊन मी अकोल्याहून अमरावतीला आले तेव्हा वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चाले आणि आमच्या घराचा सासूबाईंच्या तोंडून. मी मॅट्रिक झाले होते. शाळेत बक्षीस मिळालेलं बागकामाचं एक इंग्रजी पुस्तक मी सामानात बांधून आणलं होतं. त्यात मार्च महिन्यात रोपांवर गवत अंथरून ती थंडीपासून वाचवावी, असं लिहिलं होतं. आमच्याकडे मार्चमध्ये कावळासुद्धा चोच उघडी टाकून सावलीला बसतो. ते पुस्तक मी लवकरच पेटीच्या तळाशी ठेवलं.

आमची कामं संक्रांत झाली की सुरू व्हायची. वालाचे जून वेल उपटायचे, थकलेली वांगी काढून टाकायची. मोगऱ्याचं पाणी आधीच तोडलेलं असे. माघात त्याची पानं ओरबाडून, फांद्या छाटून, मुळाशी माती मोकळी करून त्याला ऊन खाऊ द्यायचं, मग शेणखत भरून पाणी सोडायचं. उपाशी ठेवून मग जेवू घातलं की मोगरा चैत्रात फुलून येतो. काकडी, कारली, दोडकी यांच्या बिया शेणकाल्यात भिजवून महाशिवरात्रीच्या आत आळ्यांत टोचायच्या. वेलांना चढायला बांबू आणि तुराट्यांचा मांडव बांधायचा. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे पाणी आणि खुरपं. आमची माती काळी. ओली असते तोवर लोण्यासारखी, पण दोन-तीन दिवस पाणी चुकलं की तिला भेगा पडतात, आणि त्या भेगा कोवळी मुळं तोडून टाकतात. वरून पाहणाऱ्याला वाटतं, वेल उगाच मेला.

आता भांडण.

पहिल्या वर्षी माझे सगळे वेल फाल्गुनात मेले. महिन्यातले ते तीन दिवस मी मागच्या पडवीत बाहेर बसले होते. तुम्हा मुलांना सांगायचं तर तेव्हा 'कावळा शिवला' म्हणत. स्वयंपाकघरात जायचं नाही, विहिरीला हात लावायचा नाही, कुणाला शिवायचं नाही आणि झाडाझुडपावर सावली पडू द्यायची नाही. गडी शेतावर. सासूबाईंचे गुडघे धरलेले. तुमचे आजोबा कचेरीत जात आणि बागेला पाणी घालणं हे बायकांचं काम समजत. तेव्हा त्या तीन दिवसांत बागेला कुणीच पाणी घातलं नाही. चौथ्या दिवशी न्हाऊन गेले तर आळी फाटलेली आणि वेल माना टाकून पडलेले.

सासूबाई म्हणाल्या, "सावली पडली तुही. पडवीतून उठून मोरीवर जात व्हती ना, तवाच पडली."

मी म्हटलं, "आत्याबाई, पाणी नाही मिळालं त्यांना."

"आमच्या जल्मात पाणी कमी-जास्त झालं, पन असे वेल नाई जळाले. पुढच्या साली जळाले तं बाग बंद. तिथं पऱ्हाट्यायची गंजी लावतो. पावसाळाभर चूल तरी पेटन."

पऱ्हाट्या म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उपटलेल्या काड्या. भातकुलीकडच्या आमच्या शेतातून दरवर्षी त्या गाडीनं येत आणि सरपणाला लागत. सासूबाई बोलल्या ते करणाऱ्या होत्या. त्या घरात माझं म्हणावं असं काहीच नव्हतं. भांडी त्यांची, कोठी त्यांची, नवरासुद्धा निम्मा त्यांचाच. ती मागची वीतभर जागा मी खणली होती, दगड मी वेचले होते. ती मी पऱ्हाट्यांना देणार नव्हते.

पुढच्या फाल्गुनात मी तयारी केली. माझ्या तारखा मला ठाऊक असत. बाहेर बसायच्या आदल्या संध्याकाळी मी विहिरीचं पाणी ओढून गुरांची दगडी डोण काठोकाठ भरून ठेवली. डोण गोठ्याजवळ होती, पडवीच्या पायरीपासून चार हात. विहिरीला शिवायची गरजच उरली नाही. तळहातांची साल निघाली, पण डोण भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन अंगणात आल्यावर मी पत्र्याचा डबा घेतला आणि आळ्यांना पाणी घालायला लागले. पहाटे अंधारात घालून मोकळी झाले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण मला चोरून घालायचं नव्हतं. चोरून वाचवलेले वेल 'सावली पडली नाही म्हणून जगलो' अशी सासूबाईंच्याच बाजूनं साक्ष देतील, हे मला कळत होतं.

त्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या. हातात लाटणं.

"ये! काय करून राहिली वो?"

"पाणी घालून राहिले."

"कायले?"

"वेलायले."

"अवो, सावली पडून राहिली तुही!"

"ऊन हाय, तं सावली पडनच ना, आत्याबाई."

मी अकोल्याची. शाळेत शुद्ध बोलायला शिकले असले तरी भांडायला मला वऱ्हाडीच लागते. आणि मग मी जे केलं ते आजही तसंच करीन. मी वेलांच्या पूर्वेला जाऊन उभी राहिले. सकाळचं ऊन पाठीवर, आणि माझी लांबच लांब सावली दोडक्याच्या वेलांवर डोक्यापासून पायापर्यंत पडली. मी हलले नाही. डब्यातलं पाणी हळूहळू ओतत राहिले.

सासूबाईंनी तोंडावर पदर घेतला. "लय शिकली तं अशी झाली! तुह्या बापानं मास्तरनीच करायची होती तुले, सून कायले केली?"

"ते तुमी त्यायले विचारा. अकोल्याची गाडी रोज सुटते."

त्या पाय आपटत आत गेल्या. त्या दिवशी मला भाकरी मिळाली ती उंबऱ्यावरून सरकवलेली आणि गार. मी खाल्ली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी घातलं, तिसऱ्या दिवशीही. रात्री तुमचे आजोबा पडवीच्या बाहेर लांब उभे राहून म्हणाले, "तुमचं तुम्ही पाहा, मला मधात घेऊ नका." मी म्हटलं, तुम्हाला मध्ये घेतलंय कुणी?

वेल जगले. एक सोडून. तो एक वाळला तेव्हा सासूबाई बागेपर्यंत लंगडत आल्या आणि बोट दाखवून म्हणाल्या, "पाह्य! पाह्य, म्हटलं होतं ना!" मी त्या वेलाच्या पानावरचे तांबडे भुंगे हातावर घेऊन त्यांच्यापुढे धरले. "यायनं खाल्लं. हे बी बाहेर बसले होते काय?" मग चुलीतली राख आणून उरलेल्या वेलांवर धुरळली. सासूबाईंच्या तोंडावर मात्र हार दिसत नव्हती.

चैत्रात मांडवावर दोडकी लोंबायला लागली. कोवळी, शिरा अजून मऊ. मी टोपलीभर काढून स्वयंपाकघरात ठेवली. संध्याकाळी ती गाईच्या दावणीत दिसली. दुसऱ्या दिवशीही तेच. सासूबाई म्हणाल्या, "विटाळाचं खानार नाई. देवाले निवद दाखवा लागते या घरात." गाय मात्र खुशाल खात होती.

मग एका सकाळी भाजीची पाटी घेऊन माळीण दाराशी आली. शहराबाहेर त्यांचा मळा होता, घरचीच माणसं तिथं राबत. सासूबाईंनी पायरीवर बसून तिच्याकडून दोडकी निवडायला घेतली. मागच्या अंगणात मांडवभर दोडकी, आणि पुढच्या दारी आम्ही दोडकी विकत घेतोय! मी भांडी विसळता विसळता उठून आले. त्या दिवशी मी बाहेर नव्हते, दारात उभी राहू शकत होते. मी मुद्दाम मोठ्यानं विचारलं,

"मावशी, तुमच्या घरी कोनाले कावळा शिवला की वाफ्याले पानी कोन घालते?"

माळीण खळखळून हसली. "कोन घालन वो बाई? आमीच! तीन सुना हायेत घरात. येक ना येक तं बाहेरची असतेच. दोडक्याले सांगू काय, का थांब बापा, तीन दिस तहान लागू देऊ नको म्हनून?"

"अन् फुलांच्या वाफ्याले?"

"त्याले बी आमीच. मोगरा, शेवंती, समदं. तुमच्या देवाच्या डोक्यावर बसते ना ते!"

सासूबाईंच्या हातात दोन दोडकी होती. त्या दोडक्यांकडे पाहत राहिल्या. माळीण म्हणाली, "काहून वो माय, कवळे नाईत काय?"

"हायेत कवळे," त्या म्हणाल्या, आणि दोडकी पाटीत परत ठेवली.

त्यानंतर आमच्या घरात भाजीच बंद झाली. बाजारातलं सगळंच संशयाचं झालं होतं. वांगं घ्यावं तर त्याला कुणी पाणी घातलं कुणास ठाऊक. दोन्ही वेळा वरण आणि झुणका, झुणका आणि वरण. देवघरात फुलांऐवजी तुळशीची पानं, कारण तुळस घरची आणि तिला पाणी सासूबाई स्वतः घालत. बोलायची पाळी त्यांची होती. तुमच्या आजोबांनी एका रात्री ताटाकडे पाहून विचारलं, "मांडवावर इतकी दोडकी आहेत, मग झुणका का?" सासूबाईंनी त्यांच्या ताटात आणखी झुणका वाढला.

मग शेतावरून पऱ्हाट्यांची गाडी आली. गड्यानं ती मागच्या दारानं आत घेतली आणि बैल सोडले. मी मांडवाच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले, खुरपं हातातच. गंजी इथं लावायची असेल तर माझ्यावरून लावावी लागेल, असं मी ठरवलं होतं.

गडी म्हणाला, "कुठी टाकू, माय? तुमी मागं म्हटलं होतं, मांडवाच्या जागेवर."

सासूबाई दारात होत्या. मांडवाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, खुरप्याकडेही पाहिलं.

"गोठ्याच्या अंगाले टाक," त्या म्हणाल्या. "वेल दिसून नाई राहिले काय तुले? डोये फुटले?"

बिचाऱ्या गड्याचा काहीच दोष नव्हता. त्यानं सगळ्या पऱ्हाट्या गोठ्याला लावल्या. त्या दिवशी संध्याकाळी सासूबाईंनी स्वतः दोडकी तोडली, भाजी केली आणि शिरांची तीळ घालून चटणी कुटली. नैवेद्य दाखवला. भाजी तुमच्या आजोबांनी तीनदा मागून घेतली.

तुम्ही समजाल की मग सगळं सुटलं. नाही सुटलं. त्या होत्या तोवर त्या तीन दिवसांत मला स्वयंपाकघरात पाऊल टाकता आलं नाही. ते भांडण मी तुमच्या आईच्या वेळी केलं आणि तिच्यासाठी जिंकलं. माझ्यासाठी मला बाग तेवढी मिळाली, आणि ती मी मागून घेतलेली नाही.

पुढच्या वर्षीच्या फाल्गुनातली एक सकाळ सांगते. मी पडवीत पुस्तक वाचत बसले होते. त्या महिन्यात तारीख चुकली होती, डोण भरून ठेवलेली नव्हती, आणि संध्याकाळी शेतावरून गडी यायचा होता, त्याला सांगू असा माझा विचार होता. तेवढ्यात विहिरीवर रहाट कुरकुरला. सासूबाई, त्या गुडघ्यांवर, पोहरा ओढत होत्या. भरलेली बादली घेऊन लंगडत आल्या आणि मला शिवणार नाही अशा बेतानं, हात उंच धरून, पाणी डोणीत वरून ओतलं.

"बसली काय पुस्तक धरून?" त्या ओरडल्या. "वेल माना टाकून राहिले. बाहेरची झाली म्हनून हात गळाले काय तुहे? ऊठ!"

मी उठले, डबा भरला आणि वेलांच्या पूर्वेला जाऊन उभी राहिले.