भोकं पाडणाऱ्या मॅडम

"मेलात का रे?"

सकाळी आल्या आल्या मॅडम गरम कपाटाचं दार उघडायच्या आणि आतल्या जंतूंना हेच विचारायच्या. पहिल्या दिवशी मी मागे झाडू घेऊन उभा. मला वाटलं, मलाच विचारलं. म्हटलं, "नाही मॅडम, अजून आहे."

सचिन नावाच्या गावात ती छोटीशी लॅब. लिंबायतला अठरा वर्षं मी लूमवर कापड तपासलं. ते लूमचं खातंच बंद पडलं, म्हणून इथे झाडू-पोछ्याला लागलो. शाळेत मी गेलोय, नाही असं नाही. एकदा, भावाचा डबा द्यायला.

मॅडमही आमच्या खानदेशच्याच. मला भाऊ म्हणायच्या आणि चहा पिता पिता शिकवायच्या. "बेडकाच्या कातड्यात पेप्टाइड असतं, भाऊ. आपल्या अंगातही असतं. जंतू आला की त्याच्या सालीला भोक पाडतं. आपण तसलंच बनवतोय. अंग रोगाशी कसं लढतं, ते शोधणाऱ्यांना लागतं."

"माझ्या अंगात आहे, तर मला बारा महिने सर्दी का?"

"तुमचं सुट्टीवर गेलंय."

पण त्यांचं पेप्टाइड काही केल्या काम करेना. प्लेटमधल्या जेलीवर जंतूंची साय धरायची, तिच्यावर मॅडम पेप्टाइडचे थेंब टाकायच्या, सकाळी बघावं तर साय जशीच्या तशी. शेवटी लॅबचा शेठ म्हणाला, "बेन, कल देखूंगा. कुछ नहीं हुआ तो ये काम बंद." पेप्टाइडच्या तीन तऱ्हा केलेल्या, त्यांची पावडरही संपत आलेली. उरली होती तेवढी मॅडमनी एकेक तऱ्हा चार-चार, अशी बारा प्लेटांवर टाकली आणि जाताना मला म्हणाल्या, "भाऊ, सकाळी चांगल्या प्लेटा टेबलावर मांडा. खराब असतील त्या कुकरमध्ये."

आता तुम्हीच सांगा, कापडाच्या चेकरला चांगलं-खराब शिकवावं लागतं का? सकाळी बघितलं, आठ प्लेटांवर साय एकदम सलग. चारांच्या सायीला मात्र गोल गोल भोकं! मी आठ ओळीने मांडल्या, चार वाफेच्या कुकरमध्ये टाकल्या आणि बटण दाबलं. वर मॅडम खूश होतील म्हणून केस विंचरून उभा राहिलो.

मॅडम आल्या. टेबल बघितलं, चेहरा पडला. "एकातही भोक नाही?"

"होती ना! चारात होती. काढून टाकली मी."

त्या कुकरकडे धावल्या. आत नुसतं जेलीचं पाणी. "हाई काय करी टाकं, भाऊ!" म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्याच. तेवढ्यात शेठ दारात.

मी घाबरून खिशातला पुठ्ठा काढला. मला लिहिता येत नाही. पण माल रिजेक्ट केला की भोक कुठे होतं ते खात्यातल्या मास्तरला दाखवावं लागतं, ती सवय हाताला. चार गोल काढले होते, त्यात भोकं, जागच्या जागी, अंगठ्याने मापून. झाकणावरचे नंबरही बघून बघून गिरवलेले.

मॅडमनी पुठ्ठा हिसकावला. स्वतःची वही उघडली. चारही नंबर एकाच पेप्टाइडचे!

शेठने पुठ्ठा उलटासुलटा केला. "ये कौन से सायंटिस्ट ने बनाया?"

"हमारे चेकर ने," मॅडम म्हणाल्या. "खराब समझ के फेंक दिया."

शेठ पोट धरून हसला. त्याचा बाप कापड बाजारातला. नसलेलं भोक चेकर दाखवत नाही, हे त्याला घरातच कळलेलं. "ठीक है बेन, एक बार और बनाओ. और इसको लॅब की चाबी मत देना."

मॅडम आता पुण्याच्या मोठ्या लॅबमध्ये असतात. इथले नवे सर प्लेटा स्वतःच बघतात, जंतूंशी काही बोलत नाहीत. मला मॅडम आठवतात त्या नव्या पावडरच्या सकाळच्या. कपाट उघडायला त्यांचा हात धजेना.

"भाऊ, तुम्हीच बघा." भिंतीकडे तोंड करून, डोळ्यांवर दोन्ही हात.

मी एकेक प्लेट उजेडात धरली. परत पहिलीपासून धरली.

"बोला ना, भाऊ!"

"मॅडम, सगळा माल फाटका."

आणि डोळ्यांवरचे हात न काढताच त्या भिंतीसमोर नाचायला लागल्या.