दात काढतानाचा फोटो

जानेवारीतला तिसरा रविवार, दुपार उतरताना. स्थळ : लालबाग, आईची खोली. उपस्थित : आई, तिची गिरगावची मैत्रीण ॲग्नेसमावशी, मी, आणि माझ्या मांडीवरच्या मटारच्या ताटाला टेकून बसलेला एक छोटा कॅमेरा. अनुपस्थित : माझा भाऊ, कळवून.

आणि ऊन. त्याला उपस्थितांतच धरायला हवं. आईच्या खोलीची खिडकी पूर्वेची. मावळतीचं ऊन या खोलीला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. दुपार झाली की ट्यूबलाइट लावायची, हाच इथला सूर्यास्त. मग समोर गिरणीच्या जागेवर काचेचा टॉवर उभा राहिला. आता पश्चिमेचं ऊन त्याच्या काचांवर आपटतं, उलटं फिरतं आणि अर्धापाऊण तास आईच्या कॉटवर, पितळी डब्यांवर, भिंतीवरच्या कॅलेंडरवर येऊन बसतं. मधाच्या रंगाचं, किंचित थरथरणारं. आई त्याला ‘उसनं ऊन’ म्हणते. टॉवरवाल्यांनी हे काही आमच्यासाठी जाणूनबुजून केलेलं नाही, आणि त्यांच्या हातून तेच सगळ्यात छान झालं आहे!

त्या उन्हात आईचं हसणं पाहिलेलं माणूस ते विसरत नाही. पुढचे दोन दात एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे राहिल्यासारखे, बाजूचा सुळा आपला वेगळाच, थोडा पुढे आलेला. ती हसली की आधी सुळा हसतो आणि मग बाकीची आई. पण हे हसणं एकाही फोटोत नाही. लग्न जुळवण्यासाठी तिचा पहिला फोटो काढला तेव्हा तिच्या मामीने बजावलं होतं, तोंड मीट, दात दिसू देऊ नको. लग्न जुळलं, संसार झाला, नातवंडं कॉलेजात गेली. आई अजून त्या मामीचं ऐकते आहे. माझ्या लग्नात मिटलेलं तोंड, भावाच्या लग्नात मिटलेलं तोंड, गणपतीच्या आरतीतसुद्धा ओठ घट्ट. हातात फोन दिसला की ती पदर सारखा करते आणि आधार कार्डावरचा चेहरा धारण करते.

हे असंच चाललं असतं. पण दातांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की पुढचे हललेले चारही दात काढावे लागतील, सुळ्यासकट. संक्रांतीनंतरचा मंगळवार ठरला. घरी येताना आई नव्या, सरळ दातांची कौतुकाने चौकशी करत होती आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. दात काढण्याआधी आईचा दात काढतानाचा फोटो काढायला हवा.

पाहा ना, एका वाक्यात तीनदा तोच शब्द! आपण रांगोळी काढतो आणि काटाही काढतो. दुखण्यात दिवस काढतो, कामातून वेळ काढतो, दूर गेलेल्या माणसाची आठवण काढतो, लेकराची दृष्ट काढतो. आत असलेलं बाहेर आणायचं, एवढंच का या सगळ्यांत समान आहे? मग फोटो काढायचा म्हणजे माणसाच्या आत जे मिटून बसलं आहे ते बाहेर येईल अशी व्यवस्था करायची. आणि व्यवस्था म्हटलं की तो प्रांत माझा. यादी केल्याशिवाय मी दळणसुद्धा टाकत नाही.

फोन आधीच बाद झाला होता. तो तोंडासमोर धरावा लागतो आणि आई सावध होते, हे पहिलं कारण. दुसरं जास्त गंभीर. माझा फोन न विचारता सुरकुत्या पुसतो, कातडी गुळगुळीत करतो, दात पांढरे करतो. मला माझी आई हवी होती, तिची दुरुस्त आवृत्ती नको होती. म्हणून मी छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांचा तक्ता केला. रकाने जाणकारांच्या सल्ल्यावरून आखले, झूम किती, मेगापिक्सेल किती, व्हिडिओ कसा. ऑफिसातल्या दोन हौशी छायाचित्रकारांनी त्यावर इतकी परस्परविरोधी मतं दिली, की जेवणाची सुट्टी संपली तरी ते दोघे भांडतच होते आणि मी तक्ता घेऊन निमूट जागेवर परतले.

मग एका शनिवारी फोर्टातल्या दुकानात गेले. दुकानदार उत्साही. त्यांनी एक कॅमेरा चालू करताच त्यातून हत्तीच्या सोंडेसारखं भिंग बाहेर आलं. समोरच्या गच्चीवरच्या कबुतराचा डोळा त्यांनी मला दाखवला. कबुतराचा डोळा सुंदरच होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण माझी आई कॉटच्या त्या टोकाला आणि मी या टोकाला. मला इतकं लांब जायचंच कुठे होतं? आपल्याला हवं ते हाताच्या अंतरावर असताना आपण दूरचं पाहण्याची केवढी तयारी करत असतो! मी पेन काढून झूमचा रकाना सरळ खोडला आणि पुढे माझे रकाने लिहिले. कोथिंबिरीच्या जुडीखाली पिशवीत मावतो का? आवाज पूर्ण बंद होतो का? ट्यूबलाइटच्या उजेडात माणूस आजारी दिसतो का? मांडीवर ठेवून, खाली पाहत फोटो येतो का?

शेवटच्या रकान्यासाठी दुकानातल्या स्टुलावर बसले, पर्स मांडीवर ठेवली आणि तांदूळ निवडायला बसावं तशी मान खाली घालून एकेका कॅमेऱ्याचा अंदाज घेऊ लागले. दुकानदार गोंधळले. “मॅडम, ऊपर पकड के खींचो ना.” मी माझ्या लालबागी हिंदीत ठणकावलं, “खींचना नहीं है भैया, निकालना है.” त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, कॅमेरा घेतला, खालचं झाकण उघडलं आणि आतलं कार्ड आणि बॅटरी काढून अदबीने माझ्या हातावर ठेवली.

खूप हसलो आम्ही दोघं. त्या हसण्यातूनच त्यांना नेमकं कळलं असावं, कारण नंतर त्यांनी मागच्या फडताळातून जो काढला तोच आज माझ्याकडे आहे. साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठा, काळा, दिसायला अगदी साधा. झूम नाहीच, एकच स्थिर, उजेडाला भुकेलं भिंग. मागचा पडदा वर वळतो, त्यामुळे मांडीवर ठेवून वाटीत डोकावल्यासारखं त्यात डोकावता येतं. आवाज बंद केला की श्वासाइतकाही नाही. सगळ्या रकान्यांत बरोबरची खूण! तक्ता घडी करून पर्समध्ये ठेवताना मला जे वाटलं, ते दहावीच्या निकालानंतर वाटलं नव्हतं.

मधले दिवस सरावाचे. मी पहाटे दादरच्या फुलबाजारात गेले आणि झेंडूच्या राशीत कोपरापर्यंत बुडालेले हात टिपले. परळला दुपारी इस्त्रीवाल्याच्या टेबलावर वाफेत विरघळणारा पांढरा शर्ट टिपला. भांड्यांच्या दुकानात पातेल्यापातेल्यात वाकडातिकडा होत जाणारा रस्ता सापडला. याच वाटांनी मी वर्षानुवर्षं कामं उरकत चालले आहे; या वाटा इतक्या भरलेल्या असतील असं मला का कधी वाटलं नाही? छोटा कॅमेरा फोटो काढणाऱ्यालाही छोटं करतो. कोणी वळून पाहत नाही, कोणी केस सारखे करत नाही. जग आपल्या कामात राहतं आणि आपल्याला त्याच्याजवळ बसू देतं.

रविवारी ॲग्नेसमावशी आली ती आईला धीर द्यायला. तिची कवळी जुनी, त्यामुळे या विषयात तिचा अधिकार मोठा. आई घाबरली आहे हे तिने दारातच ओळखलं आणि चहा होईपर्यंत स्वतःची गोष्ट सुरू केली. नवी कवळी बसवून ती चर्चमध्ये गायला उभी राहिली होती. सूर उंच, तोंड पूर्ण उघडलेलं, आणि नेमकी तेव्हाच कवळी सुटली ती पुढच्या बाकावरच्या बाईच्या उघड्या पुस्तकात. टॉवरवरचं ऊन नुकतं आत आलं होतं. मी मटार सोलत होते, मान खाली, पडद्यावर आईचा मिटलेला चेहरा. मावशी थांबली, चहाचा घोट घेतला आणि गंभीरपणे म्हणाली, “मी गप झाले गो. पण माझे दात तिच्या पुस्तकावर बसून हसत होते.”

आधी सुळा हसला. मग दोन दात, खांद्यावर हात टाकून. मग हिरड्या, गाल, पदर सुटलेला, डोळ्यांतून पाणी, कॉटवर आपटणारा हात. मी बोट दाबत राहिले. कुठे काही वाजलं नाही. फक्त ताटातले मटार जमिनीवर घरंगळत गेले.

हसू ओसरल्यावर मी कॅमेरा तिच्यापुढे धरला. चोरून ठेवायचा नव्हता. ती नको म्हणाली असती तर पुसला असता, ते मनाशी पक्कं होतं. आईने चष्मा लावला. सवयीने पदर तोंडाशी गेला. बराच वेळ ती पडद्यातल्या बाईकडे बघत राहिली आणि पदर हळूहळू खाली आला.

“हार घालूक ह्योच फोटो लावा,” ती म्हणाली. “मिटलेल्या तोंडाचो नको.”

मामी हरली होती! इतक्या वर्षांनी, कॉटवर बसून, मटार सोलता सोलता आम्ही तिला हरवलं होतं.

पण आई तिथे थांबली नाही. कॅमेरा कसा धरायचा ते विचारून घेतलं आणि भिंग माझ्याकडे वळवलं. “आता तुझो काढतंय. दात काढ गो.” मी हसले, मनापासून हसले असं मला वाटलं. मग पडद्यावर पाहिलं. ओठ मिटलेले, मान ताठ, आधार कार्ड. मावशी म्हणाली, हुबेहूब आई. पुन्हा काढला, पुन्हा तेच. ऊन टॉवरवरून निसटलं आणि ट्यूबलाइट लागली.

मंगळवारी दात निघाले. आता नवे आले आहेत, सरळ आणि शहाणे, आणि आई त्यांच्यासह खुशाल हसते. फोटो मात्र तिने अजून छापू दिलेला नाही. तिचं म्हणणं, माझा तसा एक फोटो मिळाला की दोन्ही एकदम छापायचे, एकाच चौकटीत. तेव्हापासून रविवारी उसनं ऊन आलं की ती कॅमेरा मांडीवर घेऊन बसते, मान खाली घालून, तांदूळ निवडल्यासारखी, आणि मी यादीत पाहते. फ्रेम आणली, काचही बसवून घेतली. समोर खूण नसलेली एकच ओळ राहिली आहे : माझा काढायचा आहे.