शिवणीवरचा बुडबुडा

बसवनगुडीत गाड्यांची सीट कव्हरं शिवणारे एक अण्णा डायव्हिंगचे सूटही दुरुस्त करायचे. दोनच दिवसांनी मी नॉर्वेच्या गार समुद्रात बुडी मारायला निघणार होतो. त्यांच्या टेबलावर अंगाला पाणी लागू न देणारे दोन वापरलेले ड्रायसूट होते, एक पातळ कापडाचा, दुसरा जाड, अवजड निओप्रीन रबराचा. मला हलकाच हवा होता.

अण्णांनी त्याचा गळा आणि मनगटं बांधून आत हवा भरली. टेबलावर बिनडोक्याचा माणूस झोपल्यासारखं दिसलं. मग ब्रशने साबणाचं पाणी शिवणींवर लावत ते इंच इंच पुढे सरकू लागले. मी श्वास रोखून बघत होतो. काखेत एक बुडबुडा फुगला.

"चिकटवून द्या ना, अण्णा."

"सरी, ठीक आहे, चिकटवतो. पण खोल पाण्यात दुसरीकडे सुटलं तर? हे कापड नुसतं पाणी अडवतं, ऊब आतल्या कपड्यांची. ते भिजले की संपलं. जाड सुटात पाणी शिरलं तरी स्वल्प ऊब राहते."

मी वैतागलो. "तुम्ही कधी बुडी मारलीय?"

"मला पोहतासुद्धा येत नाही," ते म्हणाले. "ब्रश हातात घेतला की खाली पाण्यात मीच आहे असं वाटतं."

मी जाड सूट पुढे सरकवला. तो त्यांनी दोनदा तपासला.