पंच्यात बांधलेले देव

आज सूनबाई चिंचेनं देवाची उपकरणी घासत होती. त्या आंबट वासानं मला दौलतगंजातल्या आमच्या घरी नेलं. तेव्हा ग्वाल्हेरात महाराजांचं राज्य होतं आणि मी परकरात होते.

दादा, म्हणजे माझे वडील, कॉलेजात शिकवत. देव नाही, हे ते भेटेल त्याला पटवून देत. आईला तर रोज, चुलीपाशी पाट घेऊन. एका दुपारी त्यांनी देव्हाऱ्यातले सगळे देव पंच्यात बांधले आणि टोपी बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात मोडीत घालायला निघाले.

आई ओल्या हातांनीच दारात उभी राहिली.

"देव आहे म्हणून मी कधी तुमच्या मागे लागले? मग नाही म्हणून तुम्ही का लागता?"

दादा मागे वळले. मग देव्हाऱ्यापुढे बसून त्यांनी गाठ सोडली.

"बाळकृष्ण कुठं असतो?"

"ठेवा कुठंही. तुमच्या लेखी तो नाहीच ना!"

मला हसू फुटलं. त्यानंतर घरात देवावरून पुन्हा वाद झाला नाही. चुलीपाशी दादांचा पाटही पुन्हा दिसला नाही. आई जिंकली, असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, दादा चुलीपाशी येऊन बसत, ते तेवढ्या एका विषयासाठीच.