जाळे टाकावे

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत मी टायपिस्ट होते तेव्हाची गोष्ट. आठवडाभर साहेबांची पत्रं बडवायची आणि रविवारी सकाळी, चारचौघींसारखं केस धुवायचं सोडून, जवळच्या एका शाळेत मोडी लिपी शिकायला जायचं. कारण एकच, शिकवणारे सर! निवृत्त इतिहासशिक्षक. अंगाने उदबत्ती, आवाजाने गिरणीचा भोंगा.

अक्षरं गिरवून घेता घेता सर मध्येच खडू खाली ठेवायचे. "इटलीत एक माणूस होऊन गेला..." झालं! सहाशे वर्षांपूर्वीचा हा गृहस्थ म्हणे मठामठांतून धूळ खात फिरायचा आणि विसरल्या गेलेल्या प्राचीन तत्त्वज्ञांची बाडं अक्षरशः उंदरांच्या तोंडातून सोडवून आणायचा. त्यांच्या एवढ्या प्रेमात, की हजार-दीड हजार वर्षांपूर्वी मेलेल्या त्या लोकांना पत्रं लिहायचा. "आणि पत्रांत भांडायचासुद्धा!" हे सांगताना सरांचे डोळे असे भरून यायचे की वाटावं, ती पत्रं टपालात टाकायला हेच गेले होते. मग फळ्यावर मूठ आपटून म्हणायचे, "आपल्या किनाऱ्यावर असा एकही तत्त्वज्ञ झाला नसेल? झालाय! कुठल्यातरी पेटीत मोडीत पडलाय!"

पण तेवढ्यात टीव्हीवर रविवारी सकाळी देवादिकांची मालिका सुरू झाली आणि आमची वाट लागली. अठरा विद्यार्थ्यांचे तीन उरले. मुख्याध्यापकांनी सरांना सांगून टाकलं, "एक जाहीर व्याख्यान करा. त्यातून पाच नवे विद्यार्थी मिळाले तर वर्ग चालू. नाहीतर किल्ली परत द्या." सरांचा चेहरा बघवेना. त्यांना त्या वर्गाशिवाय दुसरं काही नव्हतंच.

आता माझी एन्ट्री! खारदांड्याहून आमच्या बिल्डिंगमध्ये मासे घेऊन येणाऱ्या मावशीपाशी मी हे रडगाणं गायले. ती पापलेट कापता कापता म्हणाली, "आमचे आजेसासऱ्याचा एक बाड हाय गो पेटीन. बंदरावर कारकुनाच्या हाताखाली शिकलेला म्हातारा. कोनालाच वाचता येत नाय."

मी तशीच, हाताला खवले चिकटलेले, सरांच्या घरी पळाले.

दुसऱ्याच दिवशी मावशीने माशांच्या पाटीतून ते बाड आणून दिलं आणि सरांनी ते आठ दिवस उशाशी ठेवलं. नवव्या दिवशी मला बोलावलं तेव्हा ते अनवाणी नाचायचेच बाकी होते. "अगं, सापडला! हे बघ, 'जाळे टाकावे.' मायेचं जाळं टाकून द्यावं! 'ओढ असेल तेथे डोल सोडावा.' जिथे मन ओढ घेतं तिथे डौल सोडावा, अहंकार सोडावा! 'खोल गेल्यावाचून हाती काही लागत नाही.' आहाहा!"

"डोल की डौल, सर?"

"लिहिताना मात्रा राहिली असेल गं! तत्त्वज्ञ आहे तो, कारकून नव्हे."

एका ओळीत मात्र त्यांना काही केल्या तत्त्वज्ञान सापडेना. ती ते वगळणार होते.

व्याख्यान रविवारी संध्याकाळी. मी आगाऊपणाने मावशीला पहिल्या रांगेत मानाची खुर्ची दिली. ती एकटी थोडीच येणार? आजेसासऱ्याचा सत्कार समजून अर्धा खारदांडा घेऊन आली. गजरे, सोनं, काठापदराची लुगडी! मुख्याध्यापक चष्मा पुसून पुसून बघत होते.

सरांनी आवाज लावला. "जाळे टाकावे! म्हणजेच संसाराचं जाळं फेकून द्यावं..."

"ओ मास्तर!" मावशी उभी. "फेकून काय द्यावा? टाकावा म्हंजे पान्यान टाकावा! जालं फेकून दिल्यावर खानार काय?"

हॉलमध्ये हशा पिकला. सर घाम पुसत म्हणाले, "बरं. पुढे म्हणतो, डौल सोडावा. म्हणजे ऐट..."

"ऐट नाय ओ! डोल. डोल म्हंजे जालं, पिशवीसारखा. पान्याला ओढ असंल तिथंच सोडायचा, तवाच मासली भरते. तुमी कधी होडीन बसलाव काय?"

पाठीमागून कोणीतरी म्हणालं, "मास्तरला घेऊन जा गो उद्या!" मुख्याध्यापक रुमालाआड हसत होते. सर मात्र खुर्चीत मटकन बसले. आठ दिवसांचा तत्त्वज्ञ त्यांच्या डोळ्यांदेखत मासे मारायला निघून गेला होता. मावशीला मानाची खुर्ची मीच दिली होती ना!

काहीतरी करायचं म्हणून मी त्यांच्या हातातलं बाड घेतलं आणि ती वगळलेली ओळ अडखळत वाचली. "सोबत्याशी पाण्यावर भांडू नये. काठावर येऊन पोटभर भांडावे."

मग बायकांनी एकदम माना डोलावल्या. मावशी हळूच म्हणाली, "खरा हाय. होडीन भांडन झाला तं दोघंबी बुडतात."

सर ताडकन उठले. "हाच तो!" त्यांचा आवाज शाळेबाहेर गेला असणार. "मी सांगत नव्हतो? हा तत्त्वज्ञच आहे! आणि मी गाढव आहे! मावशी, वर या. मी वाचतो, तुम्ही अर्थ सांगा."

दोन तास! प्रत्येक ओळीवर भांडण, तेही काठावरचं, पोटभर. भरती कोणत्या बाजूने, वारा कधीचा, म्हाताऱ्याने बायकोचं ऐकायला सांगितलंय की भावजयीचं, यावरून तर दोन बहिणींची जुंपली. शेवटी एकजण म्हणाली, "मास्तरचा काय भरवसा! आपनच शिकू गो वाचायला." तिथल्या तिथे सातजणींनी नावं दिली. दोन जास्तच.

अडचण एकच आली. रविवारची सकाळ म्हणजे मासळीच्या विक्रीची सगळ्यात मोठी वेळ. पाटी सोडून मोडी कोण गिरवणार? म्हणून वर्ग गुरुवारी संध्याकाळी पाचला हलवला. गुरुवारी आमच्या लोकांचा उपास, मासे कोणी घेत नाही.

माझं ऑफिस सुटायचं साडेपाचला. दर गुरुवारी लवकर सोडण्यासाठी मी साहेबांना रीतसर अर्ज टाइप करून दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'प्राचीन तत्त्वज्ञान'. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "हे कुठे शिकवतात?"

"कोळणींकडे," मी म्हणाले, आणि पर्स उचलून पळाले.