पूजेत मांडलेल्या दोन बॅटी

निरगुडसरात इंद्रायणीला कुणी टेबल टेनिसची खेळाडू म्हणत नाही. 'बहिरूची टेबलवाली' म्हणतात. गावाला कुस्ती कळते, कबड्डी कळते, क्रिकेट तर शेंबड्या पोरालाही कळतं. पण टेबलावर चेंडू टिकटिकवायचा आणि त्यावर पोट भरायचं, हे गावाच्या गळी उतरायला फार वेळ लागला. काहींच्या अजून उतरलेलं नाही. पारावरचे दादाभाऊ ती दिसली की दर खेपेला तेच विचारतात, "काय टेबलवाले, मैदानात कवा उतरायची?" पहिल्या पहिल्यांदा ती समजावून सांगायची. आता नुसती हसते आणि पुढं जाते.

घर धनगराचं. बाप बहिरू अजून मेंढरं राखतो. दिवाळी झाली की मेंढरांचा वाडा घेऊन बाहेर पडतो तो पाऊसकाळ तोंडावर आला की परततो. आई साळुबाई घर सांभाळते, दीड एकराचा तुकडा सांभाळते, आणि मेंढरं गावात असली की त्यांचंही बघते. या घरात खेळ म्हणजे लहानपणी असतो आणि मग संपतो, अशीच समजूत होती.

शाळेत एक टेबल आलं होतं. कुणी दिलं ते आता कुणालाच नीट आठवत नाही. दोन वर्षं ते घडी घालून भिंतीला टेकलेलं होतं आणि त्यावर शाळेच्या सतरंज्या वाळत पडायच्या. गोरक्ष सर खेळाचे शिक्षक म्हणून आले, त्यांनी सतरंज्या उचलल्या आणि टेबल व्हरांड्यात मांडलं. व्हरांडा लांबलचक, पण टेबल एका टोकाला मांडावं लागलं, कारण दुसऱ्या टोकाला पाण्याची टाकी. म्हणजे एका बाजूला खेळणाऱ्याच्या पाठीला भिंत आणि दुसऱ्या बाजूला मागं सरकायला वीस पावलं जागा. भिंतीची बाजू मोठ्या पोरांनी बळकावली. सहावीतल्या इंद्रायणीच्या वाट्याला मोकळी बाजू आली.

पोरं जोरात मारायची. ती मागं सरायची, अजून मागं सरायची, आणि चेंडू जमिनीला टेकायच्या आत खालून कापत परत टेबलावर धाडायची. पोरं पुन्हा मारायची, ती पुन्हा धाडायची. शेवटी पोरं वैतागून चेंडू बाहेर घालवायची. गोरक्ष सर पुण्यात शिकलेले. त्यांनी हे दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच्या पेटीतली जुनी बॅट काढून तिला दिली. त्या बॅटीच्या काळ्या बाजूला रबराचे लांब लांब दाणे होते. खेळाडू त्याला पिंपल म्हणतात. चेंडू आपटला की ते दाणे लवतात, आणि समोरच्यानं चेंडूला दिलेली फिरकी उलटी होऊन त्याच्याच अंगावर जाते. असं मागं राहून खेळणारे फार थोडे असतात. त्याला चिकाटी लागते, आणि ती इंद्रायणीला कुणी शिकवावी लागली नाही. दिवसभर मेंढरांमागं चालणाऱ्या घरातली पोर ती.

मग तालुका, जिल्हा, राज्य. पुण्याच्या क्लबात जागा मिळाली, तिथंच एका खोलीत तीन मुलींबरोबर राहणं सुरू झालं. सकाळी सराव, दुपारी सोसायटीतल्या पोरांना शिकवणं, संध्याकाळी पुन्हा सराव. चार-पाच वर्षं अशी गेली. राज्यात पहिल्या आठात तिचं नाव असायचं, पण पहिल्या आठाला कोण विचारतो! मानधन तुटपुंजं, गुडघा कधी कधी कुरकुरायचा. चोविसावं सरत आलं होतं.

आणि तेव्हा ती जागा निघाली. एका सरकारी कंपनीच्या संघात एकच जागा होती. पगारी नोकरी, सरावाला सुट्टी, स्पर्धांचा खर्च कंपनीचा. वयाची अट पंचवीस. पुढची जागा कधी निघेल ते कुणी सांगू शकत नव्हतं. निवड चाचणी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, पुण्यात. ही मिळाली तर खेळ चालू, नाही तर दुसरं काहीतरी बघायचं, असं इंद्रायणीनं स्वतःला बजावून ठेवलं होतं आणि आईलाही सांगितलं होतं.

एवढं डोक्यावर असताना गावी यायचं कारण नव्हतं. पण खोलीत तिला झोप लागेना. गोरक्ष सर फोनवर म्हणाले, "दोन दिवस घरी ये, आईच्या हातचं खा, शाळेतल्या टेबलावर मी सराव घेतो." म्हणून ती आली.

नवमीच्या सकाळी ती उजाडताना पळायला गेली. परत आली तर अंगणात साळुबाईनं पूजा मांडलेली. खंडेनवमी ती. कोयता, खुरपी, विळा, मेंढरं भादरायची कातर, फवारणीचा पंप, बहिरूची काठी असं सगळं धुऊनपुसून ओळीनं ठेवलेलं, वर झेंडूची फुलं. आणि कातरीच्या शेजारी इंद्रायणीच्या दोन्ही बॅटी. लाल बाजूवर हळदीची पाच बोटं उमटलेली. काळ्या बाजूवर ओलं कुंकू, चांगलं सढळ हातानं, दाण्यांच्या पार बुडापर्यंत गेलेलं.

इंद्रायणी आधी दुसरी बॅट उचलून बघायला धावली. तिचीही तीच गत.

"दोन्ही?" ती कशीबशी म्हणाली.

"मग? येकीला लावायचं अन् दुसरीला न्हाई, आसं कसं?" साळुबाई म्हणाली. तिला वाटलं पोर खूश झाली.

मग मात्र इंद्रायणीचा तोल गेला. "आये, काय केलंस हे! परवा ट्रायल हाय माझी! तुला ह्यातलं काय कळतं का? कशाला हात लावलास?" ती ओरडली तशी शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली. साळुबाईच्या हातात हळदीची वाटी तशीच राहिली.

"आज हत्यारं पुजायची असत्यात इंदे," ती अगदी हळू म्हणाली. "ज्याच्यावर पोट, ते मांडायचं. तुजं पोट ह्याच्यावरच हाय न्हवं?"

इतकी वर्षं या घरात बॅट पत्र्याच्या पेटीवर पडायची, चपलांशेजारीही पडायची. नवरात्रात इंद्रायणी कायम कुठल्या ना कुठल्या स्पर्धेत असायची, त्यामुळं ही वेळच कधी आली नव्हती. आज पहिल्यांदा आईनं ती कोयत्याच्या आणि कातरीच्या ओळीत नेऊन ठेवली होती. इंद्रायणीला हे कळलं. कळलं आणि राग कुठं ठेवायचा तेच कळेना. ती घरात जाऊन भिंतीकडं तोंड करून बसली.

पुण्यातल्या खेळाच्या सामानाच्या तिन्ही दुकानांना फोन झाले. तसं रबर मागवावं लागतं, आठ दिवस लागतील, असं तिघांनीही सांगितलं. गोरक्ष सर आले. लाल बाजू ओल्या फडक्यानं पुसली, पिवळे डाग राहिले पण पकड ठीक होती. काळी बाजू पाहून त्यांनी मान हलवली. दाण्यांच्या बुडाशी कुंकू वाळलं की दाणे ताठ होतात, लवत नाहीत, आणि लवले नाहीत तर त्या रबराचा उपयोग काय?

साळुबाई हे सगळं उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. ती आत आली आणि एक बॅट मांडीवर घेऊन उजेडात बसली. हातात बाभळीचा काटा, शेजारी पाण्याची वाटी आणि सुती चिंधी. मेंढीच्या लोकरीत शिरलेलं कुसळ ती न बघता काढते. त्याच बोटांनी ती एकेका दाण्याभोवतीचं कुंकू काढायला लागली. दाणे शेकड्यांनी. नवमीचा सगळा दिवस त्यात गेला, दसऱ्याचा अर्धा दिवस गेला. शेजारीपाजारी सोनं द्यायला आले, तिनं बसल्या जागीच घेतलं. त्या दिवशी घरात पुरणपोळी झाली नाही, आणि बहिरूनं गावाबाहेर मेंढरांच्या वाड्यावरच भाकरी-चटणी खाऊन सण केला. इंद्रायणी दोनदा म्हणाली, "राहू दे आता." साळुबाईनं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीला साळुबाईही चढली. "तू कशाला?" "चूक माजी हाय. सायबानं इचारलं तर मी सांगंन." तिनं आजवर पोरीची एकही मॅच पाहिली नव्हती.

साहेबांनी विचारलंच. बॅटी तपासणारे पंच चष्मा वर करून म्हणाले, "हे पिवळं काय आहे?" इंद्रायणी तोंड उघडायच्या आत साळुबाई पदर सावरत पुढं झाली. "हळद हाय सायेब. खंडेनवमीला मीच लावली. पोरीचा काय बी दोष न्हाई." पंचांनी एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा बॅटीकडं. दाणे बोटानं चाचपले, तुटलेला एकही नव्हता. "चालेल," ते म्हणाले आणि सही केली.

आठ मुली, प्रत्येकीशी एक सामना. इंद्रायणीनं सहा जिंकले. रबराचे दाणे बरेच मोकळे झाले होते. साळुबाईच्या बोटांनी जे करता येण्यासारखं होतं ते केलं होतं. मधोमध मात्र एक रुपयाएवढी जागा अजून ताठ होती. इंद्रायणीला ती पहिल्याच सामन्यात कळली आणि ती चेंडू त्या जागेपासून वाचवत खेळत राहिली. शेवटचा सामना पुण्याच्या मोहिनीशी. तीही सहा जिंकून आलेली, हात जबरदस्त. जी जिंकेल तिची जागा.

डाव दोन-दोन झाले. पाचवा डाव नऊ-नऊवर आला. मोहिनीनं जोरात मारलं, इंद्रायणी मागं सरली आणि नेहमीसारखा चेंडू कापला. तो बरोब्बर मधोमध लागला. खाली राहायचा चेंडू उंच उठला, मोहिनीनं तो टेबलाच्या कोपऱ्यावर ठोकला. पुढच्या चेंडूला पुन्हा तेच. अकरा-नऊ. संपलं.

इंद्रायणीनं हात मिळवले, टॉवेल खांद्यावर टाकला आणि पायऱ्यांवर आई बसली होती तिकडं गेली. चाचणी बघायला आलेले गोरक्ष सर तिच्या आधी तिथं पोचले होते. त्यांचा चेहरा पडलेला. त्यांनीही ते दोन चेंडू पाहिले होते.

"काय सांगू साळुबाई," ते म्हणत होते, "खेळ पोरीचाच होता. पण शेवटी त्या पिंपलनं..."

साळुबाई उठून उभी राहिली. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. काट्यानं तिची बोटं ठिकठिकाणी फुटली होती.

"सर, पिंपलला काय झालं न्हवतं," इंद्रायणी म्हणाली. मोठ्यानं, जवळजवळ भांडल्यासारखी. "बॅट एकदम बरूबर व्हती. माझा डावा पाय मागं राहिला. तुमी नेहमी ओरडता न्हवं, डावा पाय?"

गोरक्ष सरांनी तिच्याकडं पाहिलं. ती त्यांच्याकडं बघतच राहिली, हलली नाही.

"हां," ते म्हणाले. "पाय राहिला खरा."

"खरं सांग इंदे," साळुबाई म्हणाली.

"खरंच सांगते आये. तू लई भारी साफ केली व्हतीस."

इतकं सरळ खोटं ती आयुष्यात बोलली नव्हती. साळुबाईनं तिच्या तोंडाकडं बराच वेळ पाहिलं, मग हात पदरातून बाहेर काढले आणि म्हणाली, "चल, काय तरी खाऊन घे."

एसटीत जागा मिळाली. राजगुरुनगरला एक बाई चढली, साळुबाईच्या शेजारी टेकली आणि कुठून आलात, कुठं निघालात, हे सुरू झालं.

"पोरीची मॅच व्हती पुण्याला," साळुबाई सांगायला लागली. "सहा जिंकली. शेवटची दोन पॉइंटानं गेली बघा. तिचा डावा पाय जरा मागं राहतो. तेवढं सुदारलं की मग कुणाला ऐकायची न्हाई ती."

"आसं व्हय!" बाई म्हणाली.

"लांब उभी राहून खेळती. लई आवघड आसतं ते."

इंद्रायणीनं तोंड खिडकीकडं केलं. सामना हरल्यापासून दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं आणि ती ओढणीत तोंड खुपसून रडली. नोकरी गेली होती, वय निघून चाललं होतं, आणि तरी तिला बरं वाटत होतं. साळुबाई मध्ये पडली नाही. मंचर जवळ आलं तेव्हा तिनं कोपरानं पोरीला ढोसलं.

"फुडची मॅच कवा हाय? आधी सांगून ठेव. मेंढरांचं कुणाला तरी सांगावं लागंल."

इंद्रायणीनं डोळे पुसले आणि तारीख सांगितली.