सोयऱ्यांच्या घरचा बिनसाखरेचा चहा

तानाबाईंच्या घरी गेलं आणि चहा मिळाला नाही असं कधी होत नाही. कोणता मिळेल ते मात्र त्या आपल्या तोंडाकडं बघून ठरवतात. घसा बसलेला दिसला की आलं ठेचून, पोट जड असलं की गवती चहाची पात घालून, सर्दीला तुळशीचा. तीही आधी हात जोडून मग खुडलेली. जेवणावर लगेच मागितला तर मिळत नाही. शेजारच्या सोनमला त्यांनी एकदा दारातच अडवलं.

“अंगात रक्त कमी म्हणतीस, आन् जेवल्याजेवल्या चहा? खाल्लेल्या भाजीतलं लोह अंगी लागत न्हाय त्येनं. जरा दम धर की.”

हे त्यांना दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगितलेलं. त्या स्वतः फार शिकलेल्या नाहीत. सांगोल्याकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातल्या, लग्न होऊन सोलापुरात आल्या. मालक जोतिराम मार्केट यार्डात हमालीला. कांद्याची गाडी रिकामी झाली की चहा, भरली की चहा, आणि साखर अशी की कपाला बोटं चिकटावीत. त्यामुळं त्यांना मधुमेह निघाला तेव्हा तानाबाईंनी सगळ्यात आधी साखरेचा डबा उचलून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला.

जोतिरामांनी आधी लई कुरकुर केली. सकाळी गवती चहा पुढं आला की म्हणायचे, “बैलाला पाजायचा काढा हितं कसा आला?” दुपारचा लिंबू पिळलेला कोरा चहा तर ते डोळे मिटून घ्यायचे. घरी असं, आणि यार्डात जाऊन गुपचूप गोड. डॉक्टरांनी बजावलं होतं, की कुठल्याच चहानं हा आजार जात नाही, गोळी चुकवायची नाही. पण दिवसभर चहातून पोटात जाणारी साखर थांबली तर मोठा फरक पडेल. शेवटी तानाबाईंनी मालकांना कुलदैवत बिरुदेवापुढं उभं केलं आणि गोड चहा घेणार नाही म्हणून भंडारा उचलायला लावला. हळदीचा भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द त्यांच्या घरात आजवर कुणी मोडलेला नाही. जोतिरामांनीही मोडला नाही. हळूहळू रिपोर्ट सुधारले, पाय दुखायचे कमी झाले. बाईंनी देवाला नारळ फोडला.

आणि नेमका तोच शब्द मंद्रूपला आडवा आला.

मुलगा दिग्विजय याच्यासाठी तिथल्या शरणप्पांची लेक सृष्टी बघायला गेले होते. मुलगी नर्सिंग झालेली, नजर शांत. दिग्विजयच्या चेहऱ्यावरून तानाबाईंना कळलं की पोराचं मन बसलं. निघताना जोतिरामांनी घरच्यांना ताकीद दिली होती, की माझ्या दुखण्याचं तिथं बोलायचं नाही. बापाला आहे म्हणजे पोरालाही होईल असं लोक धरतात.

सृष्टीनं चहाचा ट्रे आणला. शरणप्पा कौतुकानं, कानडी मिसळत म्हणाले, “कुडीरी, घ्या की पाव्हणं, घरच्या म्हशीचं दूध हाय.” वास गोड, वर जाड साय. जोतिरामांनी कप हातात घेतला, थोडा वेळ धरला आणि तसाच खाली ठेवला.

मुलीच्या घरचा चहा सोडणं म्हणजे स्थळ नाकारणं, हे तिथं लहान लेकरालाही ठाऊक. सृष्टीची आई केराबाई पदर सावरत आत गेल्या. सृष्टी रिकामा ट्रे छातीशी धरून उभी राहिली. दिग्विजय आईकडं बघत होता. तानाबाईंनी मालकांकडं पाहिलं. ते मान खाली घालून बसले होते. गोड घ्यावा तर देवापुढं दिलेला शब्द जातो, न घ्यावा तर पोराचं लग्न.

त्या उठल्या आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या. सोयरीक ठरण्याआधी व्याह्याच्या चुलीपाशी जायचं नसतं, पण आता रीत बघत बसायला वेळ नव्हता. केराबाई भिंतीकडं तोंड करून डोळे पुसत होत्या.

“पोरगी लई आवडली आमाला,” तानाबाई म्हणाल्या. “मालकास्नी साखर हाय, बाई. गोड चहा घेनार न्हाय म्हणून मीच देवाम्होरं भंडारा उचलायला लावलाय. लपवून पोरगी नेन्यापरास आत्ताच सांगितलेलं बरं. आता तुमी काय ते ठरवा.”

केराबाईंनी वळून बघितलं. बोलली ती मागून आलेली सृष्टी. तिनं ट्रे खाली ठेवला, धुतलेलं पातेलं घेतलं आणि विचारलं, “गोळी वेळेवर घेतात ना?”

“घेत्यात. मी चुकवू देत न्हाय.”

परसात गवती चहा नव्हता. तिनं आलं ठेचलं, पुदिन्याची दोन पानं टाकली आणि दूध न घालता चहा उकळला. स्वतःच बाहेर नेला.

“मामा, बिनसाखरेचा आहे.”

सून सासऱ्याला म्हणते तसं सगळ्यांच्या देखत मामा म्हटल्यावर शरणप्पा आधी लेकीकडं बघत राहिले, मग केराबाईंकडं. केराबाईंनी डोळ्यांनीच होकार दिला. जोतिरामांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. मग घसा साफ करून शरणप्पांना म्हणाले, “आता सोयरिकीची सुपारी फोडायची का?”